खाली बसायचं नाही

खुब्याचा सांधा बदलला की वॉर्डात एक छापील कागद हातात देतात. काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हेच त्यावर जास्त असतं. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. कमरेतून नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही. खाली पडलेली वस्तू स्वतः उचलायची नाही. ऑपरेशनच्या पायाचा चवडा आत वळू द्यायचा नाही, आणि कुशीवर व्हायचं तर दोन्ही पायांमध्ये उशी हवीच. मिरजेच्या इस्पितळात उताणं पडल्या पडल्या हा कागद मी कितीदा तरी वाचला. वाचता वाचता लक्षात येत गेलं, की माझं आजवरचं बहुतेक आयुष्य जमिनीवर गेलं आहे.

जेवण पाटावर, भाजी विळीवर. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या त्या बसूनच, आणि दारापुढची रांगोळी तर उकिडवं बसल्याशिवाय हाताला येतच नाही. नातवंडांना न्हाऊ घातलं ते न्हाणीत पाय पसरून, पायांवर त्यांना पालथं घेऊन. शाळेच्या वह्यांचे गठ्ठे घरी आणायचे, ते तपासायचे सतरंजीवर मांडी घालून. आई गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खुर्ची आमच्याकडे होती, पण ती आल्यागेल्यासाठी. मी खुर्चीत कधी बसले ते आठवून सांगावं लागेल.

मी नोकरीभर विज्ञान शिकवलं. उखळीचा सांधा शिकवताना एका मुलाला पुढं बोलावून हात गोल फिरवायला सांगायचे, मग फळ्यावर खुबा काढायचे: मांडीच्या हाडाचा गोल माथा, तो जिथं बसतो ती कमरेच्या हाडातली वाटी, दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की हाडासारखी भरून येत नाही, हेही सांगायचे. ते वाक्य मुलं परीक्षेत लिहायची आणि मी गुण द्यायचे. आता फिल्मवर माझाच खुबा डॉक्टरांनी उजेडासमोर धरला. उजवीकडं वाटी आणि गोळा यांच्यामध्ये काळी फट दिसत होती. डावीकडं ती फट जवळजवळ नव्हतीच.

हा आजार सुरुवातीला जागा सांगत नाही. खुबा झिजतो आणि दुखतो गुडघा, कारण दोन्हीकडं जाणाऱ्या नसा एकच आहेत. मग जांघेत कळ येऊ लागते, मग रात्री कूस बदलताना जाग येते. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पायाची नखं कापायला हात पोचेना. लेक समोर बसून माझा पाय मांडीवर घ्यायची आणि नखं काढायची. मन लावून काढायची. मला मात्र दर वेळी भरून यायचं.

मिरजेला आले, कारण आमच्या भागात हाडाचं काही निघालं की माणूस मिरजेला येतो. 1894 मध्ये डॉक्टर विल्यम वानलेस या मिशनरी सर्जननं इथं इस्पितळ काढलं, आणि तेव्हापासून या गावात दुखणाईत उतरतच राहिले आहेत. जंक्शनवर कर्नाटकातून येणाऱ्या गाडीतून उतरणाऱ्यांत एक्सरेचं पाकीट घेतलेला माणूस दिसला नाही असं होत नाही. वॉर्डात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलली जाते. सिस्टर केरळच्या, त्यांनी दोन्ही भाषा कामापुरत्या उचललेल्या. माझ्या शेजारच्या खाटेवर अथणीकडच्या एक आजी होत्या. गोठ्यात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता.

ऑपरेशनला मला पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं. कमरेखालचं सगळं गेलं आणि वरचं जागं राहिलं. गुंगीचं औषध थोडं असतं, पण आवाज येत राहतात. करवतीचा आवाज आला, नंतर हातोडीचे घाव. ते दुखत नव्हते, पण सगळं अंग टेबलावर हलत होतं. हाडाचा झिजलेला गोळा कापून काढतात, वाटी आतून खरवडून गोल करतात, तिच्यात टायटॅनियमची वाटी ठोकून बसवतात, आत प्लॅस्टिकचं अस्तर, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा आणि त्यावर नवा गोळा. माझ्या सांध्यात सिमेंट नाही. धातूचा पृष्ठभाग खरखरीत ठेवलेला असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत आपलंच हाड त्या खरखरीत भागात वाढत जाऊन त्याला धरतं. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, पण सांधा पक्का करण्याचं काम शरीर स्वतः करतं, तेही आपण झोपलेलो असताना. हे मला त्या रात्री फार मोठं वाटलं. अजूनही वाटतं.

त्या प्लॅस्टिकच्या अस्तरामागं एक माणूस आहे, त्याच्याविषयी इथं लिहिल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यात राइटिंग्टन नावाचं इस्पितळ आहे. ते मुळात क्षयरोग्यांसाठी होतं, जसं आमच्या मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं. तिथं सर जॉन चार्न्ली यांनी आज वापरात असलेल्या खुबाबदलाची पद्धत घडवली. वाटीसाठी आधी त्यांनी टेफ्लॉन वापरलं. काही वर्षांतच ते झिजलं आणि त्याच्या कणांनी आजूबाजूचं मांस बिघडलं. चार्न्लींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून शरीर त्याला काय करतं ते तपासलं, आणि ज्यांचे सांधे बिघडले त्यांची ऑपरेशनं पुन्हा स्वतः केली. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याच्याकडं एक विक्रेता नवं प्लॅस्टिक घेऊन आला. कापडाच्या मागांतल्या चाकांसाठी ते वापरलं जाई. चार्न्लींना त्यात अर्थ वाटला नाही. क्रेव्हननं मात्र ते झिजेच्या यंत्रावर लावून ठेवलं आणि यंत्र चालू ठेवलं. आठवडे गेले तरी ते झिजेना. नोव्हेंबर 1962 मध्ये त्या प्लॅस्टिकची वाटी पहिल्यांदा माणसाच्या खुब्यात बसली. पुढं चार्न्ली आपल्या रोग्यांना विचारत, की तुमच्यामागं हा सांधा आम्हाला परत द्याल का, म्हणजे तो आत किती झिजला ते पाहता येईल. लोकांनी दिले. माझ्या खुब्यात जे आहे ते लँकशायरच्या त्या अनोळखी म्हाताऱ्या माणसांनी मागं ठेवलेल्या सांध्यांवरून शिकत शिकत सुधारलं आहे. वॉर्डात रात्री झोप लागत नसे तेव्हा मी त्यांचा विचार करायचे. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण त्यांचे उपकार आहेत.

इस्पितळाचं खरं कळलं ते दुसऱ्या दिवसापासून. दंडाला सलाईन, लघवीची नळी, मांडीतून निघालेला रक्ताचा ड्रेन, पोटऱ्यांवर घट्ट पांढरे मोजे, रक्त गोठू नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन. हातात तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र देतात. नळीतून श्वास आत ओढायचा आणि निळे गोळे वर धरायचे, म्हणजे छातीत कफ साठत नाही. तासातासाला पायाचे पंजे वर-खाली करायचे. जखम दुखत होती आणि चांगलीच दुखत होती. पण जांघेतली ती जुनी कळ, जी कित्येक पावसाळे माझ्याबरोबर उठत-बसत होती, ती नव्हती. मी तिला शोधत होते. पाय इंचभर सरकवून पाहिला, तरी ती आली नाही. सिस्टरनी विचारलं, दुखतंय का, तर मला हो म्हणावं की नाही ते सुचेना, आणि डोळ्यांत पाणी आलं.

बेडपॅनची लाज वाटते, हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आयुष्यभर आपलं आपण करणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईसमोर कंबर उचलायची आहे, आणि तीही धड उचलता येत नाही. आमच्या वॉर्डातल्या मावशी चांगल्या पायाच्या बाजूनं यायच्या. एक हात माझ्या कमरेखाली, दुसऱ्या हातानं भांडं सरकवायच्या, नजर खिडकीकडं. थंडीचे दिवस होते. स्टीलचं भांडं लावायच्या आधी त्या ते गरम पाण्यानं विसळून, पुसून आणायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कोणत्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, मावशी, कशाला एवढं? त्या म्हणाल्या, ‘‘गार लागतंय की अक्का. तुमी दचकला तर पाय हलंल.’’ मोठ्या डॉक्टरांचा राऊंड यायचा आणि जायचा, सगळे त्यांच्याकडं बघत उभे राहायचे. त्यांचं कौशल्य मी माझ्या हाडात वागवते आहे, त्याला मी कमी म्हणणार नाही. पण सांधा निखळू न देता मला दिवसरात्र राखलं ते मावशींच्या त्या दोन हातांनी. त्यांचा पगार किती असतो हे मी विचारलं. तो आकडा इथं लिहीत नाही, पण तो मला सहन झालेला नाही.

त्याच मावशींनी मला उभं केलं. फिजिओ मुलगी पुढं, वॉकर माझ्या हातांत, मावशी मागं. खाटेच्या कडेला बसवलं तेव्हा वॉर्ड फिरला. मग म्हणाल्या, टेकवा पाय. पाय टेकला, पण त्यावर भार टाकायला मन तयार होईना. चांगल्या पायावर मी सगळी उभी. फिजिओ म्हणाली, सांधा तुम्हाला पेलणार आहे, त्यासाठीच बसवलाय. मला ते शास्त्र ठाऊक होतं, तरी पटत नव्हतं. मागून मावशींचा आवाज आला, ‘‘टाका की भार, अक्का. आमी पडू देतोय व्हय?’’ आणि मी टाकला. मांडीत खोलवर काहीतरी दाबलं गेलं, आणि ते धरलं. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. दारापर्यंत गेले. दाराला हात लावून परत आले. पुढं जिना शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हे मी आता झोपेतही सांगेन.

इतक्या घाईनं का उठवतात, ते मला माझ्या आजीमुळं नीट समजतं. आजी न्हाणीत पडली तेव्हा मी शाळकरी होते. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचतं ते बहुतेक हाडाच्या मानेवरून, आणि मान मोडली की ते रक्त तुटतं, त्यामुळं ते हाड नुसतं बांधून ठेवून सहसा जुळत नाही. हे त्या काळी आमच्या गावात कोण सांगणार? हाडवैद्य आला, लेप लावला, कामट्या बांधल्या. माजघरात खाट टाकली. आजी त्या खाटेवरून उठली नाही. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. लोक म्हणाले, पाय मोडला आणि म्हातारी गेली. आजी पायानं गेली नाही, पडून राहण्यानं गेली. शेजारच्या अथणीच्या आजींना त्याच मोडीसाठी अर्धा सांधा बसवला होता, वाटी त्यांचीच आणि गोळा नवा, आणि त्यांना उभं केलं तेव्हा त्या ओरडल्या, शिव्या दिल्या, फिजिओच्या हाताला चावायला गेल्या. मी माझ्या खाटेवरून बघत होते आणि मनात म्हणत होते, ओरडा, पण उठा.

वॉर्डाचे दोन मजले असतात. खाटांचा एक, आणि खाटांच्या खाली फरशीवर दुसरा. रोगी वर, घरचे खाली. अथणीच्या आजींची सून रात्री खाटेजवळ चटईवर झोपायची, सकाळी तीच चटई गुंडाळून खाटेखाली. दुपारी वर्तमानपत्र पसरून डबा उघडायची. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एखादा कांदा. एकदा तिनं हातातला कांदा फरशीवर ठेवला आणि त्यावर बुक्की मारायला खाली बसली. हात कशाला लावला नाही, कशाला धरलं नाही. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे छातीशी, पाठ सरळ. सासूनं वरून पाणी मागितलं, तशी ती त्याच उकिडव्या बैठकीतून एका दमात उभी राहिली, पेला दिला, परत खाली बसली. शंभराच्या वर अंश तो सांधा वाकत होता, वळत होता, भार घेत होता, आणि तिला त्याची दखलही नव्हती. मी विज्ञान शिकवलं, पण खुबा काय करू शकतो हे मी त्या दुपारी पाहिलं. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, भाकरी देऊ का? दिली. मी ती पाठ टेकून, छातीवर टॉवेल घेऊन खाल्ली.

तिच्या सासूला एकच घोर होता: म्हशीची धार कोण काढणार? सून म्हणे, मी काढीन. सासूला ते नको होतं. म्हैस त्यांच्याच हाताला पान्हा सोडायची. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, कानडीत, आणि मोठ्या आवाजात. डॉक्टरांनी कागद दाखवला. त्या कागदावर सोफ्याविषयी लिहिलं होतं, मोटारीत कसं बसायचं त्याचं चित्र होतं, बुटांच्या नाड्यांविषयी लिहिलं होतं. म्हशीविषयी काहीच नव्हतं. चुलीविषयी, भांगलणीविषयी, न्हाणीच्या मोरीविषयी, नमाजाविषयी, सत्यनारायणाला जोडीनं पाटावर बसण्याविषयी काही नव्हतं. कागदातल्या सूचना योग्यच होत्या. स्नायू आणि सांध्याचं आवरण भरून येईपर्यंत वाकून आत वळलं तर गोळा वाटीतून निखळतो, हे खरं आहे, आणि आमच्या सर्जनांच्या मते जमिनीवरची बैठक पुढंही टाळलेलीच बरी. पण तो कागद ज्या घरांसाठी लिहिला आहे, त्या घरांतून आमच्या वॉर्डातलं कुणी आलेलं नव्हतं. नुसतं नाही म्हटलं की माणूस घरी जाऊन गुपचूप खाली बसतो. त्याला दुसरी रीत दाखवायला हवी. मग मी उशीला पाठ लावून एक वही घेतली आणि वॉर्डातल्या बायकांना विचारत सुटले, की घरी गेल्यावर कशासाठी खाली बसावं लागेल? पानं भरली. ती मी फिजिओ मुलीला दिली. तिनं उभ्या उभ्या सगळी वाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत माझ्या खाटेशी येऊन एकेका गोष्टीला उत्तर शोधायला बसली. धारेला उंच स्टूल, पण म्हशीच्या कासेपर्यंत हात पोचेल असं, आणि पाय फाकलेला. चुलीला ओटा. रांगोळीला लांब दांडीचं नरसाळं. काहींना उत्तर सापडलं नाही.

फिजिओच्या खोलीत एक तंबोरे करणारे कारागीर भेटले. मिरजेचे तंबोरे-सतार देशभर जातात, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कारागीर पन्नाशीचे, दोन्ही खुब्यांतले गोळे रक्त न पोचल्यामुळं आतून ढासळत चाललेले. ऑपरेशन अजून व्हायचं होतं, ते चौकशीला आले होते. चौकशी एकच: खाली बसता येईल का? त्यांनी मला समजावून सांगितलं. भोपळा पायांत धरून घासायचा असतो. आणि जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, लावताना तंबोरा मांडीत हवा, कान घोडीजवळ हवा, तार छेडत, सूत सरकवत, घोडी जराजरा घासत जायची. ‘‘टेबलावर ठेवला की त्याचा आवाज टेबलात जातोय,’’ ते म्हणाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले त्या गावचा हा माणूस, आणि त्याला वेदना आणि विद्या यांपैकी एक सोडायला सांगत होते. फिजिओनं त्यांना खोटं आश्वासन दिलं नाही. माझी वही मात्र काढली आणि त्यांचं काम त्यात सविस्तर लिहून घेतलं.

टाके निघाल्यानंतर मी तपासणीला गेले तेव्हा एक्सरेच्या रांगेत ते कारागीर पुन्हा भेटले. एका बाजूचं ऑपरेशन झालं होतं, हातात काठी. फिजिओनं बैठकीची उंची मापून दिली होती, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशी. त्या मापानं त्यांनी एक उंच चौरंग करून घेतला होता, भोपळ्यासाठी समोर एक खोलगट लाकडी बैठक, आत जुन्या गोधडीचे थर, म्हणजे आवाज गिळला जाऊ नये. तंबोऱ्याची मान मुलगा धरतो. भोपळा घासायचं काम असं जमतंय, म्हणाले. जवारी अजून मनासारखी बसत नाही. गोधडीचा एक थर कमी करून आणि बैठक बोटभर पुढं घेऊन ते पुन्हा बघणार होते.